कंपनीच्या धुराविरुद्ध कोर्टात जायचंय? लोक मला विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

मी वकील नाही. एमआयडीसीच्या भिंतीला लागून आमची वस्ती आहे आणि गेली काही वर्षं तक्रारी, आरटीआय, तारखा हे सगळं आम्ही स्वतः करत आलोय. आता आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. केस टाकायच्या आधी मात्र एखाद्या वकिलाला कागद दाखवाच.

मुळात आपल्याला हक्क आहे का? कंपनी तर म्हणते आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत.

आहे. घटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे आणि त्यात प्रदूषण नसलेलं पाणी आणि हवा येते असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय. आणि परवानगी असणं म्हणजे वाट्टेल ते सोडायची सूट नाही. १९८१ च्या वायू कायद्यानुसार प्रदूषण मंडळ जे संमतीपत्र देतं, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात, त्यात पानंच्या पानं अटी असतात, चिमणीची उंची किती, कुठलं इंधन जाळायचं, धूर पाण्याने धुणारा स्क्रबर किंवा धूळ गाळणारा बॅग फिल्टर कुठला, चिमणीतून धूळ आणि सल्फर किती बाहेर पडू शकतं, सगळं लिहिलेलं असतं. आपल्याला लढायचंय ते त्या अटी मोडल्यात यावर. त्यामुळे 'आमच्याकडे कन्सेंट आहे' असं कंपनीने सांगितलं की म्हणायचं, बरं झालं, त्याचीच कॉपी द्या.

सुरुवात कुठून करायची? वकिलापासून?

नाही, कॅलेंडरपासून.

आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई दुधाचा हिशोब लिहायची, एक लिटर, दीड लिटर, खाडा. एके वर्षी तिने त्याच चौकोनात 'वास' असं लिहायला सुरुवात केली, कारण रात्री अडीच-तीनला उग्र वास यायचा आणि बाबांना खोकल्याची उबळ यायची. मग वेळ लिहायला लागली, मग 'डोळे', 'खिडकी बंद'. तेव्हा आम्हाला वाटलं मनाच्या समाधानासाठी लिहितेय. पुढे वकिलांनी फाइल चाळताना आमचे सगळे अर्ज बाजूला ठेवले आणि त्या कॅलेंडरची पानं उचलली, म्हणाले हे असं अजून चार घरांत आहे का. नव्हतं. मग सहा घरांत सुरू केलं.

म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो, आज रात्रीपासून लिहा. तारीख, वेळ, किती वेळ टिकलं, कुठला वास (सडक्या अंड्यासारखा, कुजक्या फळासारखा, जळक्या रबरासारखा, जसा वाटतो तसा), वारा कुठून होता, घरात कोणाला काय झालं. छपरावर, गाडीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पावडर बसत असेल तर फोटो, आणि फोटोची मूळ फाइल फोनमध्ये ठेवायची, व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेल्या फोटोत वेळेची माहिती राहत नाही. चिमणीचा व्हिडिओ एकाच जागेवरून रोज काढला तर फरक दिसतो. डॉक्टरची चिठ्ठी, औषधाचं बिल, नेब्युलायझर दिला असेल तर तो कागद, काहीच फेकायचं नाही.

तक्रार कोणाकडे?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आपल्या भागातलं उपप्रादेशिक कार्यालय. कॉपी प्रादेशिक कार्यालयाला, सायनच्या मुख्यालयाला, कलेक्टरला आणि नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला. फोनवर तक्रार करून थांबायचं नाही, कारण फोनचा कागद होत नाही. लेखी अर्ज, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ईमेल केला तरी चालतो.

ग्रामसभेचा ठराव करून घेतला तर फार उपयोग होतो, कारण मग ती एका माणसाची कटकट राहत नाही.

अधिकारी येतात तेव्हा धूर बंद असतो आणि रिपोर्टमध्ये 'सर्व काही मर्यादेत' असं येतं. मग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याची चीड येऊन काही होत नाही, यावर पद्धतशीर काम करावं लागतं.

एक म्हणजे मोजमाप दोन प्रकारचं असतं. चिमणीतून काय निघतंय ते वेगळं आणि आपल्या वस्तीत हवा कशी आहे ते वेगळं. चिमणीचा रिपोर्ट चांगला आणि वस्तीतली हवा खराब असं होऊ शकतं, कारण बराचसा त्रास चिमणीतून येतच नाही, तो उघड्यावर ठेवलेल्या मालातून, टाकी भरताना-रिकामी करताना, गळक्या व्हॉल्व्हमधून येतो. म्हणून अर्जातच मागायचं की तपासणी वस्तीत करा, रात्री करा, आणि आम्ही दिलेल्या वेळांना करा. इथे ते कॅलेंडर कामाला येतं. महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या की पॅटर्न दिसतो, आमच्याकडे शनिवारची रात्र आणि सणाच्या सुट्ट्या निघाल्या.

दुसरं, चिमणीचा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालायचा असेल तर वायू कायद्याच्या कलम २६ ची पद्धत पाळावी लागते, म्हणजे नमुना घेताना कंपनीला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, नमुना सील करायचा, सह्या घ्यायच्या आणि ठरलेल्या लॅबला पाठवायचा. ही पद्धत पाळली नाही तर पुढे कंपनीचा वकील तोच मुद्दा काढतो आणि खराब आलेला रिपोर्टसुद्धा वाया जातो. म्हणून अर्जात कलम २६ चा उल्लेख करा.

तिसरं, मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना चिमणीवर ऑनलाइन मीटर लावावं लागतं आणि त्याचा डेटा मंडळाकडे सतत जातो. तो मागा. वास आला त्या रात्रीचा डेटा नेमका बंद दाखवत असेल तर तेसुद्धा एक उत्तरच आहे.

आरटीआयमध्ये नेमकं काय मागायचं?

कंपनी खासगी असली तरी मंडळ सरकारी आहे, त्यामुळे अर्ज मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते असं: चालू संमतीपत्र आणि मागची दोन, गेल्या तीन वर्षांचे भेटीचे अहवाल, नमुन्यांचे लॅब रिपोर्ट, कारणे दाखवा नोटिसा आणि त्यांची कंपनीने दिलेली उत्तरं, अटी पाळाव्यात म्हणून कंपनीकडून बँक गॅरंटी किती घेतली आणि किती जप्त केली, आणि आपल्या तक्रारींवर केलेल्या कारवाईची नस्ती. 'का कारवाई केली नाही' असं विचारायचं नाही, त्याचं उत्तर मिळत नाही, 'कारवाईच्या नोंदीची प्रत द्या' असं लिहायचं.

संमतीपत्रं मंडळाच्या वेबसाइटवरही असतात, आधी तिथे बघा. आणि उत्तर नाही आलं तर पहिलं अपील कराच, सोडून देऊ नका, आमच्या फाइलमधले सगळ्यात कामाचे कागद पहिल्या अपिलानंतरच आले.

मंडळाला खरंच अधिकार आहेत का, का नुसत्या नोटिसा?

भरपूर आहेत. वायू कायद्याच्या कलम ३१ए खाली मंडळ कंपनी बंद करायचा, वीज आणि पाणी तोडायचा आदेश देऊ शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की झालेल्या किंवा होऊ घातलेल्या नुकसानीसाठी मंडळं स्वतः भरपाई आकारू शकतात. त्यामुळे 'आमच्या हातात काही नाही' असं कोणी सांगितलं तर ते लेखी द्या म्हणायचं.

एनजीटी म्हणजे काय आणि ते कुठे आहे?

राष्ट्रीय हरित लवाद. २०१० च्या कायद्याने झालेलं पर्यावरणाचं वेगळं कोर्ट, त्यात न्यायाधीशाबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतो, म्हणजे स्क्रबर म्हणजे काय हे समजावून सांगायला लागत नाही. आपल्यासाठी पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात त्याच्याकडे येतात. व्हिडिओवरूनही सुनावणीला हजर राहता येतं, त्यामुळे चंद्रपूरहून किंवा वास्कोहून प्रत्येक तारखेला पुणे गाठायची गरज राहिलेली नाही.

खर्च किती? वकील लागतोच का?

भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी १,००० रुपये. भरपाई मागितली तर मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, कमीत कमी १,०००. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी माफ आहे. स्वतः उभं राहता येतं, कायदा अडवत नाही, पण समोर कंपनीकडून मोठे वकील येतात आणि कामकाज इंग्रजीत चालतं, आपल्या मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडावी लागतात, म्हणून मी तरी वकील घ्या म्हणेन. खरा खर्च फीचा नसतोच, भाषांतर, झेरॉक्स, नोटरी, लॅब टेस्ट यात पैसे जातात. आम्ही घरटी वर्गणी काढली आणि हिशोब दर महिन्याला देवळाच्या फळ्यावर लावला, त्यामुळे कुरबूर झाली नाही.

मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, जिल्हा कोर्टातच ऑफिस असतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी तो हक्क आहे. गावातल्या बायकांनी अर्जदार व्हायचं याचं हे एक चांगलं कारण, आणि दुसरं म्हणजे दिवसभर त्या हवेत घरी त्याच असतात, त्यामुळे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नाही.

मुदत असते का?

असते आणि इथेच चांगल्या चांगल्या केसेस पडतात. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली वाद न्यायचा तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून ६ महिने, सबळ कारण असेल तर वर ६० दिवस. कलम १५ खाली भरपाई किंवा पर्यावरण पूर्ववत करणं मागायचं तर ५ वर्षं आणि वर ६० दिवस. नवीन परवानगीविरुद्ध अपील असेल तर ३० दिवस आणि वर ६० दिवस. धूर दहा वर्षं येतोय असं भावनेच्या भरात पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकू नका, त्याआधी वकिलाशी बोला, कारण कंपनी पहिला मुद्दा मुदतीचाच काढते.

६० दिवसांची नोटीस म्हणतात ती काय?

ती एनजीटीसाठी लागत नाही. वायू कायद्याचं कलम ४३ आणि पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम १९ खाली साधा नागरिक फौजदारी तक्रार करू शकतो, त्यासाठी आधी मंडळाला किंवा सरकारला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून या दोन्ही कायद्यांत बदल लागू झालेत, बऱ्याच गुन्ह्यांची कैद जाऊन १०,००० ते १५ लाख रुपये दंड आलाय आणि तो केंद्राचा सहसचिव किंवा राज्याचा सचिव या दर्जाचा अधिकारी ठरवतो. माझ्या मते हा बदल मोठ्या कंपन्यांना फार स्वस्तात पडतो. तरीही नोटीस द्यावी, कारण तिच्यानंतर तक्रार दाखल केली की आपण मागितलेले अहवाल मंडळाने द्यायचे असं कलम ४३ मध्येच आहे.

कलेक्टर, तहसीलदार काही करू शकतात का?

हो, सार्वजनिक उपद्रव. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. कार्यकारी दंडाधिकारी उपद्रव थांबवायचा आदेश काढू शकतो. वीटभट्टी, खडी क्रशर, छोटं फाउंड्री युनिट अशा ठिकाणी हा रस्ता एनजीटीपेक्षा लवकर लागू पडतो.

महाराष्ट्रात असं कोणी जिंकलंय का?

माहुलची केस वाचा. चेंबूरजवळ माहुल आणि आंबापाडा ही जुनी कोळ्यांची गावं, आजूबाजूला दोन तेल रिफायनऱ्या आणि केमिकल साठवायच्या टाक्या. तिथल्या रहिवाशांनी २०१४ मध्ये पुण्याच्या एनजीटीत अर्ज केला. त्यांच्या बाजूला एक भक्कम कागद होता, केईएम हॉस्पिटलच्या पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने २०१३ मध्ये केलेला सर्व्हे, ज्यात ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो असं सांगितलं होतं, ८४.५ टक्के लोकांनी छाती गुदमरल्यासारखी होते आणि ८६.६ टक्के लोकांनी डोळे चुरचुरतात असं सांगितलं होतं. प्रश्न चिमणीच्या काळ्या धुराचा नव्हताच, टाक्या भरताना-उतरवताना उडून जाणाऱ्या वाफांचा होता, ज्यांना व्हीओसी म्हणतात, त्या डोळ्याला दिसतही नाहीत.

डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने मान्य केलं की इथल्या हवेमुळे माहुल-आंबापाड्याच्या लोकांच्या तब्येतीला धोका आहे आणि उपाय करायला सांगितलं. पण केस तिथे संपली नाही, लोक अंमलबजावणीसाठी परत गेले, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल आले, आणि १३ ऑगस्ट २०२० ला एकूण २८६.२ कोटींची भरपाई ठरली, एजिस लॉजिस्टिक्सवर १४२ कोटी, एचपीसीएलवर ७६.५ कोटी, बीपीसीएलवर ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्सवर २० लाख (एजिस आणि सी लॉर्ड टाक्यांवाल्या, बाकी दोन रिफायनऱ्या). त्यावर पुढे सुप्रीम कोर्टाची पायरी आलीच.

२०१४ ते २०२०. नुसता आकडा वाचून खूश होऊ नका, ही सहा वर्षं पण वाचा.

हायकोर्टात कधी जायचं?

मागणी फक्त हवेची नसून सरकारच्या निर्णयाविरुद्ध असेल तेव्हा. माहुलचंच उदाहरण, तानसा पाइपलाइनवरच्या झोपड्या हटवून लोकांना माहुलमध्ये घरं दिली होती. ते लोक मुंबई हायकोर्टात गेले की एनजीटी म्हणतंय इथे तब्येतीला धोका आहे आणि तुम्ही आम्हाला इथेच आणताय. २०१९ मध्ये हायकोर्टाने सरकारला आणि पालिकेला सांगितलं की दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० डिपॉझिट द्या. म्हणजे कोळीवाड्याने मिळवलेला आदेश दुसऱ्याच लोकांच्या उपयोगी पडला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दमा याच कंपनीमुळे झाला हे सिद्ध कसं करणार?

एका माणसाचा एका कंपनीशी धागा जोडणं खरंच अवघड आहे, समोरचे म्हणतात तुम्ही बिडी ओढता, घरात चूल आहे. पण आदेश मिळवायला तेवढं लागत नाही. एनजीटी कायद्याच्या कलम २० मध्ये सावधगिरीचं तत्त्व आहे, म्हणजे पक्का पुरावा येईपर्यंत वाट बघत बसायचं नाही, आणि प्रदूषण करणाऱ्याने पैसे भरायचं तत्त्वही तिथेच आहे. भरपाईसाठी मात्र तब्येतीचे कागद लागतात. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या जनऔषध वैद्यकशास्त्र विभागाला, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनवाल्यांना, सर्व्हे करायची लेखी विनंती करा. पीएचसीतल्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या, श्वसनाच्या पेशंटचे महिनावार आकडे आरटीआयने मिळतात, नावांशिवाय.

हवेच्या मर्यादा पाठ असू द्या. पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, तिच्यासाठी आपल्या देशाची मर्यादा घनमीटर हवेत २४ तासांना ६० आणि वर्षाला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून वर्षाला ५. ऑनलाइन मिळणारं छोटं मशीन अंदाजासाठी ठीक, कोर्टासाठी मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट हवा.

दंडाचा आकडा कसा निघतो? पैसे आम्हाला मिळतात का?

केंद्रीय मंडळाचं सूत्र आहे: प्रदूषण निर्देशांक × उल्लंघनाचे दिवस × ठरावीक रुपये × उद्योगाचा आकार × वस्तीचा घटक. रेड गटातली, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाच्या गटातली मोठी कंपनी, ३० दिवस उल्लंघन, दहा लाखांच्या आत वस्तीचं गाव, तर ८० × ३० × २५० × १.५ × १ म्हणजे ९ लाख. यात आपल्या हातातला आकडा एकच आहे, दिवस. उल्लंघन ३० दिवसांचं की ३०० दिवसांचं यावर सगळं फिरतं, आणि आपल्या नोंदी असतील तर निदान कुठल्या दिवसांचे रिपोर्ट आणि डेटा काढायचे हे ठामपणे मागता येतं. हिशोब दाखवलेला पाहिजे हे मात्र नक्की, महाराष्ट्रातल्या एका केमिकल कंपनीवरचा २५ कोटींचा दंड २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला कारण तो तिची उलाढाल बघून ठरवला होता.

हा पैसा मंडळाकडे जातो आणि पर्यावरणाच्या कामासाठी असतो. घराघरात यायचा असेल तर कलम १५ खाली नावानिशी, कागदांनिशी वेगळी मागणी करावी लागते. हे आधीच सगळ्यांना सांगा, नाहीतर निकालाच्या दिवशी गावात भांडणं होतात.

आमच्या गावातली पोरं त्याच कंपनीत आहेत. केस केली तर त्यांची नोकरी जाईल ना?

ही भीती खरी आहे, माझा चुलतभाऊ त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता आणि वर्षभर आमच्याशी बोलत नव्हता. मी एवढंच सांगेन की मागणी लिहिताना 'कंपनी बंद करा' हे पहिलं वाक्य नको, 'यंत्रणा बसवा, चालू ठेवा, मीटरचा आकडा गेटवर लावा' हे पहिलं हवं. आणि कामगारांचं वेगळं मागता येतं. ताजमहालच्या केसमध्ये ३० डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने २९२ कारखान्यांना कोळसा सोडून गॅसवर या नाहीतर हला असं सांगितलं, तेव्हा हलवलेल्या कारखान्यांतल्या कामगारांची नोकरी सलग धरायची आणि वर एक वर्षाचा पगार बोनस द्यायचा हेही सांगितलं होतं. आणि सगळ्यात आधी तो धूर आतल्या कामगाराच्याच छातीत जातो, आमच्या भावाने शेवटी स्वतःहून सांगितलं की स्क्रबरचा पंप रात्री वीज वाचवायला बंद ठेवतात. त्याचं नाव आम्ही कुठेच येऊ दिलं नाही, तुम्हीही असं कोणी सांगितलं तर नाव येऊ देऊ नका, फक्त त्या वेळेला तपासणी मागा.

कंपनीने मानहानीची नोटीस पाठवली तर?

घाबरून तक्रार मागे घेऊ नका, वकिलाकडून उत्तर द्या. अधिकाऱ्यांना चांगल्या हेतूने केलेली लेखी तक्रार आणि फेसबुकवर नाव घेऊन केलेला आरोप यात फरक आहे. ग्रुपवर लिहिताना मंडळाच्या कागदात जे आहे तेवढंच लिहा.

लवादाने संयुक्त समिती नेमली म्हणजे काय?

केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ, कलेक्टर, कधी नीरी (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) किंवा आयआयटी यांचे लोक पाहणी करून अहवाल देतात. बऱ्याचदा निकाल याच अहवालावर लागतो. म्हणून समिती येणार त्या दिवशी कामावर रजा टाका, नोंदींची झेरॉक्स त्यांच्या हातात द्या, वस्तीतल्या जागा दाखवा, आणि अहवाल चुकीचा वाटला तर हरकत लेखी द्या. हरकत न देता गप्प बसलात तर तो मान्य धरला जातो.

आदेश मिळाला पण कंपनी ऐकत नाही.

एनजीटीच्या आदेशाची अंमलबजावणी दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी करून घेता येते, कलम २५. त्यासाठी परत अर्ज करायचा. कंपनीला सुप्रीम कोर्टात अपिलाला ९० दिवस असतात, पण स्टे मिळाला नसेल तर आदेश चालूच असतो, अपील केलंय एवढं कारण पुरत नाही. आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढून मंडळाला आणि कलेक्टरला पत्रासोबत द्या, त्या पत्राचाही आवक क्रमांक घ्या. आणि आदेशाच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघरी नोंदी पुन्हा सुरू करा, कारण परत जाल तेव्हा लवाद विचारेल आदेशानंतर कुठल्या कुठल्या तारखांना त्रास झाला. आमच्या घरी आता आई नाही, बायको लिहिते, दुधाच्या हिशोबाच्या खालीच.